फागीचा खांदा

जव्हार संस्थानात, सूर्यमाळच्या पाड्यावर फागी राहायची. नागली पिकायला लागली की काळ्या-गुलाबी भोरड्यांचे थवे यायचे. मग ती दिवसभर शेतातल्या माळ्यावर उभं राहून त्यांना हाकायला गोफण फिरवायची. तीस वर्षांत उजवा खांदा पार कामातून गेला.

एका साली तिला ताप भरला. आठ दिवस माळा रिकामा, भोरड्यांना रान मोकळं.

उठल्यावर ती शेतात गेली. चार कणसं खाल्लेली, बाकी उभी. भोरड्यांनी कणसांतली अळी वेचून खाल्ली होती. शेजारच्या पुंजानं एकही पाखरू उतरू दिलं नव्हतं. त्याची कणसं अळीनं पोखरली होती.

"देवच पावला तुला," पुंजा म्हणाला.

"पावला? मग तीस वर्षं कुठं मेला होता?" म्हणत फागी खांदा चोळत बांधावर बसली.