दाराशी आलेली घोडी

आईला मी कायमचं इकडे ब्रिटनमध्ये ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. बाबा गेल्यावर सांगलीच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहणार आणि इकडे मी फोनकडे बघत जीव टांगणीला लावून बसणार, हे मला झेपणारं नव्हतं. आधी तिला सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आणली. वकील म्हणाला, कायमचं राहणं जवळजवळ अशक्य. मी म्हटलं, बघूच! मग डॉक्टरांचे रिपोर्ट, पत्रं, फॉर्म. डायनिंग टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नाही. आई काही बोलायची नाही. चाळीस वर्षं जिनं वर्गच्या वर्ग दरडावले ती बाई गप्प का, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. पटलं असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

नोकरी घरूनच करायची झाल्यावर आम्ही इंग्लंडमधलं रीडिंग शहर सोडून वेल्समधल्या या गावात आलो होतो. जानेवारीत लेटरबॉक्समधून चिठ्ठी पडली : शनिवारी दुपारी मारी लुइड येणार. शेजारच्या आजोबांनी मला समजावून सांगितलं. काठीवर घोडीची खरीखुरी कवटी, कानाशी रिबिनी, खाली पांढरी चादर, चादरीत माणूस. ती दाराशी येऊन गाण्यात म्हणते, आत घ्या. आपण बंद दाराआडून गाण्यातच म्हणायचं, नाही घेत. शेवटी घरच्यांनी हरायचं आणि तिला आत घेऊन केक द्यायचा, म्हणजे वर्ष चांगलं जातं.

मला हसूच आलं. इतकी वर्षं या देशाच्या दारात ‘आत घ्या हो’ म्हणत मी फॉर्म भरतेय, आणि आता इथलीच एक कवटी माझ्या दारात विनवण्या करणार! कौतुकानं मी आईला सगळं सांगितलं. हरायचं असतं, तेवढं सांगायचं राहिलं.

शनिवारी बाहेर वेल्शमध्ये गाणं सुरू झालं. मी यूट्यूबवर काही मिळतंय का बघत होते, तोवर आईनं पदर खोचला आणि खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा लावला. अगदी त्यांच्याच चालीवर! बाहेरून दुसरं कडवं आलं. आईची दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा. तिसरं आलं. आईची अडीचकी. साडेतीनच्या औटकीला बाहेरचे गप्प झाले. थोडी कुजबुज झाली, टाळ्या वाजल्या, आणि बूट फाटकाकडे वळल्याचा आवाज आला.

“अगं आई, हरायचं असतं!”

“मग आधी सांगायला काय झालं होतं तुला? दारी आलेल्याला मी परत पाठवीन होय?”

तिनं दार उघडून “अहो, या या, मागं फिरा” अशा मराठीत हाका मारल्या. ते फिरले. आईनं हळदकुंकू आणून कवटीच्या कपाळावर बोट टेकवलं. चादरीखाली शेजारचे आजोबाच होते, त्यांनी दोरी ओढून जबडा वाजवला. आई खूश. सांगलीत आमच्या दारी नंदीबैल यायचा. बायका हात जोडून त्याला काय वाटेल ते विचारायच्या आणि मालकानं ढोलकं घुमवलं की तो मान हलवायचा. आईनं तसेच हात जोडले.

“सांग गं बाई,” ती घोडीला म्हणाली, “माझी लेक मला सांगलीला परत जाऊ देईल का?”

सहा महिने एका घरात राहून तिनं हे मला विचारलं नव्हतं. मीही तिला विचारलं नव्हतं.

घोडी गप्पच. तिला बिचारीला मराठी कुठलं यायला! “काय विचारतायत त्या?” आजोबांनी चादरीतून इंग्रजीत विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“काही नाही,” मी म्हटलं. “तुम्ही नुसती मान हलवा. हो म्हणून.”

घोडीनं मान हलवली, रिबिनी हलल्या. पण आई तिच्याकडे बघतच नव्हती.

“नक्की ना?” तिनं मला विचारलं.