दुसऱ्या खाकरण्याआधी

न्यायालयात फक्त पुरावा बोलतो, भीतीला तिथे वाचा नसते, असं नवऱ्याचे वकील मोठ्या गांभीर्याने सांगत होते. जबलपूरच्या कोर्टात मी माझ्या भाडेकरूविरुद्धच्या खटल्याच्या तारखेसाठी मागच्या बाकावर बसलो होतो.

साक्षीला उभी असलेली बाई शहरातल्याच रांझी भागातली. नवऱ्याने आता तिच्या खोलीकडे फिरकू नये, एवढंच तिचं मागणं होतं. सकाळी व्हरांड्यात माझं मराठी ऐकून तिने विचारलं होतं, "भाऊ, बोलता येईन ना मले?" पदराचं टोक तिने बोटाला इतकं आवळलं होतं, की बोट पांढरं पडलं होतं.

वकिलांनी विचारलं, "इतना डर था, तो बरसों साथ क्यों रहीं?"

ती बोलणार तेवढ्यात नवरा खाकरला. बाई साक्ष सोडून खाली उतरली. वकिलांच्या टेबलावरच्या जगमधून तिने पेला भरला, नवऱ्यापुढे ठेवला आणि त्याचा हात पोचणार नाही इतकी मागे सरली.

"देखिए मैडम, कितना प्रेम!" वकील हरखले.

न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, "पानी किसने माँगा?"

"किसी ने नहीं, दीदी. दूसरी बार खाँसने से पहले देना पड़ता है." तिचा हात आपसूक गालावर गेला.

न्यायाधीशबाईंनी पेल्यापासून गालापर्यंत सगळं लिहून घ्यायला लावलं.

बाहेर ती ओशाळून म्हणाली, "उठाचं नव्हतं हो मले, भाऊ. पायच उठले."

नवऱ्याला तिच्या खोलीकडे फिरकायला मनाई झाली. पेल्याला त्याने हात लावला नव्हता. ते पाणी वकीलसाहेब प्यायले.