बुडाचा रंग

आमच्या इमारतीच्या जिन्याला सध्या रंग लागतो आहे. भिंतीत ओल मुरलेली, जुन्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि रंगारी खुशाल त्याच्यावरच ब्रश फिरवतोय. "अरे, आधी खरवड की," म्हटलं, तर म्हणतो, "काका, दोन हात मारले की काही दिसणार नाही." काही दिसणार नाही! शी! ऑइलपेंटचा तो मळमळवणारा वास नाकात शिरला आणि मी धाडकन दार लावून घेतलं. घरातल्यांना वाटतं, मला वास सोसत नाही. आता त्यांना काय सांगणार?

सत्तरचं दशक सरता सरता मी इगतपुरीच्या बाजूला, एका धरणावरच्या कचेरीत कारकून होतो. नाशिकहून गेलेला, इस्त्रीच्या शर्टातला, आपलं अक्षर वळणदार म्हणून आपल्यावरच खूश असलेला. धरणाचं पाणी पसरलं आणि पलीकडची वाडी कायमची पलीकडे पडली. बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं आमच्या कचेरीच्या एका लाकडी होडीवर. ती वल्हवायला एक म्हातारा नावाडी होता. मी त्याला बाबा म्हणायचो, तो मला भाऊसाहेब. वैशाखात पाणी उतरलं की होडी काठावर पालथी घालायची आणि बुडाला रंग द्यायचा, हा शिरस्ता. त्या वर्षी मात्र बाबा अडून बसला. "भाऊसाहेब, औंदा वरून रंग नको. आधी जुना काढू, पार लाकडापरेंत. लय पुटं चढल्यात. खाली काय चाललंय, कुनालाच ठावं नाय."

त्याचं शंभर टक्के खरं होतं. लाल, त्यावर करडा, मध्येच डांबर, पुन्हा लाल; दर पाहणीला एकेक पूट चढत गेलेलं. त्यात शेवाळ आणि कुजक्या पाण्याची घाण. मी नाकाला रुमाल लावून दहा पावलांवरूनच ते पाहिलं. पण सगळं खरवडायचं तर पंधरा दिवस हवेत, आणि आठवड्यावर मोठ्या साहेबांची पाहणी. आमचे साहेब म्हणाले, "रंग मारून मोकळे व्हा. टिपण तुम्ही लिहा." म्हणजे जुना काढायचा की वर नवा चोपडायचा, हे माझ्या टिपणावर ठरायचं होतं. मी मनात आणलं असतं तर दोन ओळी खरडून होडी थांबवू शकलो असतो. मी लिहिलं, 'होडीच्या बुडास रंग देणे.' साहेबांनी 'बूड' खोडलं. "अहो, होडीच्या कागदावर बूड काय लिहिता? अपशकुनी! तळ लिहा, तळ." आम्ही दोघंही खो खो हसलो. मग मी चहा पिता पिता पुढची ओळ लिहिली, 'तळाची लाकडे सुस्थितीत आहेत.' त्या लाकडाला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. बाबाला म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." तो रंगाचा डबा उचलून चालता झाला.

मोठे साहेब आले, लालचुटूक होडीभोवती एक चक्कर मारली, "छान" म्हणाले आणि जेवायला गेले. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि त्या कीर्तनात टाळ कुटणारा मी.

पोळ्याच्या चार दिवस आधी भर पाण्यात होडीचं बूड फुटलं. आत आठ माणसं, त्यांत एक ओली बाळंतीण, वीस दिवसांचं लेकरू पोटाशी धरून वाडीला परत निघालेली. बाबानं आपला पटका फटीत कोंबला, बाजारातली भांडी घेऊन सगळे पाणी उपसत राहिले आणि कशीबशी होडी काठाला लागली. कुणी मेलं नाही, ते त्याच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला काठावर नेलं. रात्रभरात त्यानं कोयत्यानं हातभर जागा खरवडून काढली होती. त्यानं माझं बोट धरलं आणि फळीवर दाबलं. बोट आत गेलं. गार, बुळबुळीत, शिळ्या भाकरीचा ओला गोळा लागावा तसं. मी बोट ओढून घेतलं आणि रुमालाला पुसलं. "आता हे लिवा, भाऊसाहेब," तो म्हणाला.

कचेरीत साहेबांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं: 'नावाड्याच्या निष्काळजीपणामुळे होडी खडकावर आदळून तळास इजा.' माझं आधीचं टिपण वाचवायला दुसरा मार्ग नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खाली त्याचा अंगठा हवा होता. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, "जसं बोटाला लागलं तसंच लिवलं ना?"

"हो बाबा," मी म्हणालो आणि शाईचं पॅड त्याच्यापुढे सरकवलं.

त्यानं अंगठा अगदी जपून उमटवला, कागदाला डाग पडू नये म्हणून. महिन्याभरात त्याला घरी बसवलं. मला पुढे बढती मिळाली, बदली मिळाली, निवृत्तीचा नारळही मिळाला. पुढे तिथे पूल झाला म्हणतात; होडीची आठवणही आता कुणाला नसेल. एवढ्या वर्षांत माणूस काय काय विसरतो! पण तो कागद कुठल्यातरी गठ्ठ्यात अजून असेल, आणि माझ्या त्या वळणदार अक्षराखाली एका खऱ्या माणसाचा अंगठा असेल. थूः!