सुकतीची वेळ

शाळेतली नोकरी सोडून मी आंब्यावरच्या किडींचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मराठीत आणायला घेतलं, ते साल त्र्याऐंशी असावं. प्रकाशक म्हणाले, "सवडीने करा." सवडीचं काम कधी होत नसतं! त्यात आमच्या मांडवीत घरी बसलेली बाई म्हणजे रिकामीच. कुणी फणस फोडायला हाक मारी, कुणी नवा टीव्ही बघायला. टाइपरायटरवर धूळ चढत होती आणि माझा पारा.

वाट काढली बाबांनी. त्यांचा जन्म बोटीवर गेलेला, आता अंथरुणाला खिळलेले.

"आज तिथी कोणती गो? अष्टमी? तिथीची पाऊणपट कर. सहाला भरती, बाराला सुकती. सुकतीला बसत जा."

सुकती म्हणजे ओहोटी. दिवसाच्या सुकतीला आमच्या घरासकट अख्खी आळी कालवं काढायला खडकांवर जाई. हाक मारायला कुणी उरत नसे. वेळ रोज पुढे सरके, मीही सरकत राहिले. पानं भराभर होऊ लागली. मला तर शिंगंच फुटली.

एकदा शेजारच्या काकी कालवं द्यायला आल्या आणि दारातच आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाय, आजारी माणूस सुकतीलाच जातो हां. पाणी ओढून नेतं त्याला. जवळ बस गो."

मी हसले. आत गेले तर बाबा खिडकीकडे बघत होते. चादर दोन्ही मुठींत घट्ट धरलेली.

"तू खडखडवत असलीस की बरं वाटतं," ते म्हणाले. "इंजिन चालू आहे तोवर बोट आहे."

रात्री घर भरलेलं असे. दिवसाच्या सुकतीला मात्र ते एकटे. ती वेळ त्यांनी माझ्या कामासाठी शोधलीच नव्हती. सरळ सांगते, मला भीती वाटली. टाइपरायटर उचलून मी त्यांच्या खाटेशी आणला.

पुढे एका दुपारी पुस्तकाचं शेवटचं पान निघालं. बाहेर पाणी ओसरत होतं, आळीत चिटपाखरू नव्हतं. खडखड थांबली तसे बाबांनी डोळे उघडले.

"संपलां काय गो?"

"छे, अजून पुष्कळ आहे," मी म्हणाले. कोरा कागद चढवला आणि पहिलं पान पुन्हा टाइप करायला घेतलं.