घोडीचा घाम सुकेपर्यंत

परभणीच्या थंडीला बाहेरचे लोक हसतात. पौषातली एक रात्र उघड्यावर काढली की हसणं विसरतात. आत्याची घोडी तशा सगळ्याच रात्री उघड्यावर काढायची. पेडगावच्या शेतात उत्तरेच्या अंगाला तुराट्यांचा उंच कूड, पायाखाली कोरडं भुसकट, आणि संध्याकाळी पुढ्यात कडब्याचा ढीग. चघळत राहिली की आतून गरम राहते, हे आत्याचं शास्त्र. सकाळी उठल्याउठल्या ती घोडीचे कान हातात धरून बघायची, मग बोअरचं पहिलं वाफाळतं पाणी तिला पाजायची. आमच्या घरात असा मान जावयालाही मिळाला नाही.

आई गेल्यावर मला या आत्यानंच वाढवलं. त्यामुळे माझ्या लग्नात आईच्या जागी ती उभी राहणार आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मांडवापर्यंतची मिरवणूक, तिच्याच घोडीवर निघणार, हे ठरलेलं होतं. मला फक्त घोडी चकचकीत हवी होती. थंडीनं तिच्या अंगावर अस्वलासारखे केस आले होते. मी तेल चोळायला गेलो, तर आत्यानं बाटलीच काढून घेतली.

"तेलानं केस चिपकतेत, मंग वारं लागतंय तिला. तुझा परण्या दोन घंट्याचा. तिला समदी रात भाईर काढायची हाय."

ही म्हातारी घोडी आदल्या हिवाळ्यात गारठ्यानं मरता मरता वाचली होती. मी तेलाचा नाद सोडला.

परण्या निघाला, लगाम आत्याच्याच हातात. डीजेपुढे मित्र असे काही नाचले की त्या गोंगाटात बिथरून घोडी मांडवापर्यंत घामानं निथळली. मी उतरलो तेव्हा दिवस मावळला होता आणि झोंबरं वारं सुटलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाआडून मान वळवून मी आत्याला शोधत होतो. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, तरी तिचा पत्ता नाही. मला इतका राग आला की हार घालताना मी नवरीकडे नीट पाहिलंही नाही.

बायकोला घेऊन तसाच मांडवामागं गेलो. नव्या लुगड्याचा पदर खोचून आत्या कोरड्या पोत्यानं घोडीचं अंग खसाखसा पुसत होती. कुणीतरी आणलेली घोंगडी तिनं बाजूला टाकली होती, कारण ओल्या अंगावर पांघरूण घातलं तर घोडी आतल्या आत गारठते.

"आत्या, अक्षता पडल्या की माझ्या!"

"आयकू आलं मला," हात न थांबवता ती म्हणाली. "तिथं तुझ्याजवळ समदं गाव हाय. हिच्याजवळ कोन हाय?"

माझा राग तिथंच गळाला. आई गेली त्या दिवशीही घर माणसांनी भरलं होतं. सगळे आईभोवती रडत होते. चुलीमागं एकटा बसलेल्या माझ्याजवळ फक्त आत्या आली होती.