मच्छिंद्र मिस्त्रीचं शेंदरी हेड

आपल्या लॉरीला लोकांनी मागून धक्का मारलेला मच्छिंद्र मिस्त्रीला अजिबात खपत नसे, आणि दर चतुर्थीला राजूरच्या टेकडीखाली नेमका तोच प्रसंग त्याच्यावर यायचा. लॉरी त्याची नव्हती म्हणा. ती जुन्या जालन्यातल्या भंवरलाल शेठची. महायुद्ध संपल्यावर फौजेनं विकायला काढलेली, एरवी सरकीची पोती वाहणारी. चतुर्थीला तीच झाडून घ्यायची, सतरंजी अंथरायची आणि गणपतीला निघालेली आमची अख्खी गल्ली तिच्यात कोंबायची. धावड्याहून आलेला मच्छिंद्र तिचा ड्रायव्हरही होता आणि मिस्त्रीही, कारण एका कामाला दोन माणसं ठेवणं शेठच्या स्वभावात बसत नव्हतं.

टेकडी आली की लॉरी दम टाकायची. सगळे खाली उतरायचे, बाप्ये मागून रेटायचे, बायका कडेनं चालायच्या. वर बसून राहायच्या त्या फक्त शेठच्या आई धापूबाई, कारण त्यांचे गुडघे धरलेले. मच्छिंद्र मान खाली घालून स्टिअरिंग धरायचा.

पंचावन्न सालच्या एका चतुर्थीनंतर शेठनं त्याला दुकानात बोलावलं.

"मच्छिंद्र, पुढच्या चतुर्थीला ही धक्क्याबिगर चढली तर बराबर. न्हाई तर भंगारात जाईल, अन् तू धावड्याला जाऊन वखर हाण."

"शेठ, इंजिनाचं हेड नीट करावं लागंल. थोडा खर्चा—"

"खर्चा बिलकुल न्हाई. मी भंगाराचा भाव इचारून आल्तो."

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. तापून तापून ते वाकलं होतं आणि आतला जोर फटीतून निसटत होता. मोठ्या शहरात असं हेड मशिनवर सपाट करून मिळायचं. मच्छिंद्रकडे मशिन नव्हतं, अंगण होतं. त्यानं एक गुळगुळीत शहाबादी फरशी मांडली, तिच्यावर तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि हेड टेकवून उचललं. जिथं उंचवटा तिथं शेंदूर लागतो. तेवढंच कानसीनं घासायचं, पुन्हा टेकवायचं. सगळीकडे सारखा शेंदूर लागला की समजायचं, हेड सपाट झालं. मिस्त्री लोकांची ही रीतच आहे, तिच्यात देवाधर्माचा काही संबंध नाही. मच्छिंद्र मात्र सपाट झाल्यावरही घासतच राहिला, कारण हेड जितकं झिजेल तितकी आतली पोकळी लहान होते, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते आणि दणका वाढतो. व्हॉल्व्ह त्यानं ताक घुसळावं तशी तळव्यांत काठी फिरवून घासले. हेडखाली बसणारं तांब्याचं जुनंच गास्केट बायकोच्या चुलीत लाल करून, पाण्यात टाकून मऊ केलं. त्या दिवशी द्वारकाबाईनं शेजारी जाऊन भाकरी भाजल्या, आणि परत येऊन नवऱ्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घोटाळा झाला तो शेंदरानं. एका सकाळी मच्छिंद्र हेड भिंतीला टेकवून चहाला गेला. शेजारच्या झुंबरबाईंनी पाहिलं तर अंगणात काहीतरी जड, शेंदरी, विराजमान झालेलं. तो परतला तेव्हा हेडवर जास्वंद होती, पुढं नारळाची वाटी होती आणि बोल्टाच्या भोकात उदबत्ती जळत होती.

"काकू, हे इंजिनाचं झाकण हाय. घासून राह्यलो मी."

"मंग घास ना. मी कुठं नको म्हणले? पण आधी हात धुवून ये."

दोन दिवसांत गल्लीभर झालं की मिस्त्रीनं लॉरी राजूरच्या गणपतीला वाहिली. बिचारा ज्याला त्याला समजावत फिरला. ऐकतो कोण!

चतुर्थीला शेठ मुद्दाम त्याच्याशेजारी केबिनमध्ये बसले. टेकडीखाली इंजिन एका लयीत घुमत होतं. मच्छिंद्र मागं ओरडला, "कुणी उतरू नका. बसूनच वर जायचं हाय."

"बाप्पाच्या गाडीला हात न लावता जायचं?" काकासाहेब पाटील म्हणाले. ते रेटणाऱ्यांचे म्होरके. "उतरा रे समदे."

शेठ आणि धापूबाई सोडून सगळे उतरले. बाप्यांनी ओळीनं फळीला हात लावले, मोरया केला आणि नेहमीच्या ताकदीनं रेटा दिला. पण लॉरी त्यांच्या हाताखालून निघूनच गेली. पहिली ओळ तोंडावर पडली, दुसरी पहिलीवर. लॉरीनं वर पोहोचेपर्यंत दमसुद्धा खाल्ला नाही. मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि शेठनं भंगाराचं नाव सोडून दिलं.

मागून मंडळी आली ती धुळीनं माखलेली. काकासाहेबांचं नाक सोललेलं. "मिस्त्री, आमची सेवा बुडाली. पुढच्या बारीला आम्ही दुसऱ्याच्या मोटारीनं येणार."

गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर शेठ लगेच मच्छिंद्रकडे वळले. "पुढच्या वक्ती जरा हळू घे. लोकांचा हात लागला पाहिजे."

"मंग हेड कशाला घासलं मी, शेठ?"

शेठ नारळ घ्यायला निघून गेले.

तेव्हापासून टेकडीवर मच्छिंद्र ते इंजिन अडवून धरायचा. लोकांच्या चालीपुढं पळू नये म्हणून चढणीवर ब्रेक दाबून ठेवायचा. मागं मंडळी घाम गाळायची, ओरडायची, रेटायची. कडेनं चालताना मला त्याचा ब्रेकवरचा पाय दिसायचा आणि मंडळींचा संताप यायचा; खरं काय ते त्यांच्या तोंडावर सांगावं असं वाटायचं, पण मच्छिंद्र मला बोलू द्यायचा नाही. वर पोहोचलं की काकासाहेब धापा टाकत खिडकीशी यायचे.

"बघ मिस्त्री, आमच्याबिगर तुझी लॉरी काय चढत न्हाई."

"बराबर हाय, पाटील," मच्छिंद्र म्हणायचा, आणि भरून आलेला पाय ब्रेकवरून उचलायचा.