अकराव्या ओळीवरची सही

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर थोरलीने मला विचारलं, "आजी, मला विंडसर्फिंग शिकायचंय आणि आई शार्कमुळे नको म्हणते. मग तू आजोबांना कसं जाऊ दिलंस?" मागून तुमच्या आईचा आवाज आला, "आजीला मध्ये घेऊ नकोस हं." मी हसून विषय बदलला. पण प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर आता फक्त माझ्याकडे आहे. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. माझं अक्षर अजून नीट येतं, तोवर लिहून ठेवते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. आईला मोठ्याने वाचायला सांगा, म्हणजे तिच्याही कानावर पडेल.

तुमचे आजोबा निफाडकडच्या खेड्यातले, विहिरीत पोहायला शिकलेले. नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी विभागात. निवृत्तीनंतर एकदा गंगापूर धरणावर फिरायला गेलो असताना त्यांनी पाण्यावर एक माणूस पाहिला. पायाखाली फळी, हातात शीड, होडी वगैरे काही नाही. "अगं, हा तर उभा केलेला पंख आहे," ते म्हणाले, आणि त्या माणसाला गाठून शिकायला लागले. पहिले तीन महिने ते बहुतेक पाण्यातच होते. मग एक जुनी फळी घेतली. दर रविवारी ती गाडीच्या टपावर बांधून आम्ही धरणावर जायचो. मी गाडीत, पाण्याकडे पाठ करून, शब्दकोडं सोडवत बसायची. ऊन डोळ्यांवर येतं असं सांगायची. खरं म्हणजे त्यांना पडताना मला पाहवत नसे.

सहा वर्षांपूर्वी तुमच्या आईने आम्हाला ऑस्ट्रेलियाला बोलावलं. तुम्ही नुकतेच समुद्राजवळच्या घरात राहायला गेला होतात. थोरली पाच वर्षांची होती, धाकटा रांगत होता. तिथल्या वाऱ्याची ख्याती आजोबांना आधीच ठाऊक होती. त्यांचा उजवा खांदा कुरकुरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, हा खेळ अजून एखादं वर्ष, फार तर दोन. इतकी वर्षं धरणावर काढली, एकदा समुद्रावर शीड धरायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांनी यादी केली. कारखान्यातल्या कागदासारखीच, दोन रकाने: 'करणारा' आणि 'तपासणारा'. काम करणाऱ्याने स्वतःचंच काम तपासायचं नाही, हा तिथला नियम. तपासणारी मी. खांद्याचे व्यायाम, रक्तदाबाच्या गोळ्या, विमा, लाइफ जॅकेट, असं करत दहा ओळींवर मी सह्या केल्या. अकराव्या ओळीवर एकच शब्द होता: शार्क.

"बाई, सही?" ते म्हणाले. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून लाडात आले की ते मला बाई म्हणत.

"इथे कसली सही करू? शार्कने लिहून दिलंय का तुम्हाला?"

"आपण आजवर किती मुशी खाल्ली! तिने कधी तक्रार केली?"

मुशी म्हणजे आपल्या बाजारात मिळणारा लहान शार्कच. मला हसू आलं नाही. मी कात्रणांची एक फाइल केली होती, तारीखवार, लाल पेन्सिलीने खुणा करून. तिच्यात एकही चांगली बातमी नव्हती. चांगल्या बातम्या मी कापल्याच नव्हत्या, हे मला तेव्हा सुचलं नाही. अकराव्या ओळीवर मी फुली मारली.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. कारखान्यात तपासणाऱ्याने नाकारलेला भाग कुणी गुपचूप बसवत नाही, तसंच त्यांनी केलं. यादी घडी करून ठेवली, शिडाची पिशवी माळ्यावर टाकली आणि पुढच्या रविवारी धरणावर गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सकाळी पेपर वाचत बसले, तोच पेपर, दोनदा.

निघण्यापूर्वी आम्ही निफाडला त्यांच्या थोरल्या वहिनींना भेटायला गेलो. मी त्यांना आक्का म्हणते. आक्का द्राक्षबागेपलीकडच्या उसाकडे गवत कापायला निघाल्या होत्या. बरोबर सून होती, तिच्या हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावलेली.

"एवढा आवाज कशाला, आक्का?"

"उसात बिबट्या हाय ना. पिल्लं बी हायेत म्हणं."

"आणि तुम्ही तिकडेच चाललात?"

"मंग? गुरं काय खातील, तुझं इंग्लिश? एकटं नाय जायचं. दिस मावळायच्या आत घरी. एक वाकली की दुसरीनं उभं राहायचं, नजर उसाकडं. अन् तिनं हाक मारली की विळा टाकून निघायचं, कारण इचारायचं नाय." मग आजोबांकडे वळून, "भाऊजी, तुमचं तोंड असं का उतरलंय? बायकोनं उपाशी ठेवलं काय?"

"वहिनी, तिनं मला शार्कपासून वाचवलंय," आजोबा म्हणाले.

आक्कांना शार्क म्हणजे काय ते सांगावं लागलं. ऐकून त्या मला म्हणाल्या, "तू पाहिलाय का?"

"नाही."

"अन् यांना पाण्यावर पाहिलंय?"

इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. आजोबा नेहमी सांगत, की वस्तू डोळ्यांनी न पाहता केलेली सही खोटी. मग न पाहता मारलेली फुली तरी खरी कशी? परतताना गाडीत मी म्हटलं, "उद्या धरणावर जाऊ."

"शब्दकोडं राहिलंय वाटतं."

"गाडीत नाही बसणार. काठावर उभी राहणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी काठावर उभी राहिले. त्यांनी आपलं शीड माळ्यावरच ठेवून धरणावरच्या एकाचं मागून घेतलं. ते तीनदा पडले. दर वेळी मी श्वास रोखला आणि दर वेळी ते फळीवर चढून बसले. चौथ्यांदा शिडात वारा भरला. घरी जिना उतरताना कठडा न सोडणारा हा माणूस हात ताठ करून मागे झुकला आणि त्याने आपलं सगळं वजन वाऱ्यावर टाकलं. पार लांब गेले, वळले आणि मी होते तिथेच परत आले. मी पाहते आहे म्हणून मुद्दाम वेगळं काही केलं नाही. दर रविवारी हेच करत असणार.

त्या दुपारी मी यादी मागितली. कारखान्यात एखादा भाग अगदी मापात नसला तरी कधीकधी अटी घालून स्वीकारतात, त्याला ते कन्सेशन म्हणत. मी फुलीशेजारी लिहिलं: "शार्क तपासता आला नाही. अटींवर मान्य. एकट्याने नाही. किनारा सोडून लांब नाही. सूर्य वर असतानाच. तपासणारी पूर्ण वेळ किनाऱ्यावर उभी राहील. शिट्टी वाजली की परत, कारण विचारायचं नाही." आणि खाली सही केली.

त्यांनी दोनदा वाचलं. "अटी भारी आहेत. कुणाच्या?"

"तुमच्या वहिनींच्या."

शिडाची पिशवी काढायला ते माळ्यावर चढले तेव्हा शिडी मी धरली होती.

तुमच्या किनाऱ्यावर ते सहा दुपारी पाण्यात उतरले. तुमचे बाबा शेजारी होडीत असायचे. मी टोपी घालून वाळूत उभी, गळ्यात शिट्टी. थोरली, तू माझ्या पायाशी बसून वाळूच्या भाकऱ्या थापायचीस. तिसऱ्या दिवशी पाण्याखाली काहीतरी काळं, लांबट सरकताना दिसलं आणि मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. ते तत्क्षणी वळले. बाबांनी होडीतून जाऊन पाहिलं, तर समुद्री गवताचा पुंजका होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा ओले, धापा टाकत उभे. म्हणाले, "बरोबर केलंस. शंका आली की थांबवायचं, त्यालाच तपासणी म्हणतात." मग विचारलं, "आता जाऊ?"

मी मान हलवली आणि ते गेले.

पुढच्या वर्षी खांदा थकला आणि फळी आम्ही एका शिकणाऱ्या मुलीला दिली. शेवटचं आजारपण इथे नाशिकमध्ये, आपल्या घरात झालं. समुद्राचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्या फुलीवर मी अडून बसले असते तरी त्यांची वर्षं तेवढीच होती. फक्त त्या सहा दुपारी मला मिळाल्या नसत्या. मी त्यासाठी आक्कांची ऋणी आहे, तुमच्या बाबांची आहे आणि आजोबांची सर्वांत जास्त, कारण त्यांनी माझी फुली मानली आणि मग माझी सहीही मानली.

थोरली, तुला जाऊ द्यावं की नाही हे मी सांगणार नाही. ते तुझी आई ठरवेल. तिने फक्त आधी काठावर उभं राहून तुला पाहावं. यादीची झेरॉक्स सोबत ठेवली आहे, तपासणाऱ्याचा रकाना कोरा करून.

मूळ कागद माझ्या कपाटातल्या फाइलमध्ये आहे. घडीवर थोडा विरलाय, पण अकराव्या ओळीवरची फुली, अटी आणि सही स्पष्ट वाचता येतात. त्याच फाइलमध्ये शिट्टी आहे. आज सकाळी वाजवून पाहिली, वाजते.